अडुसष्ट वेढे

छिन्नीचा शेवटचा घाव बसला, तारांचा जुडगा कापून बाकावर पडला, आणि मगच मिस्त्रींच्या लक्षात आलं की तार काळी नाही.

जळालेल्या मोटरची तार काळी असते. बोट लावलं की काजळी हाताला येते. ही तार मधाच्या रंगाची होती आणि मिस्त्रींची बोटं स्वच्छ होती. त्यांनी जुडगा नाकाशी नेला, पण त्या दुकानात नाकाचा काही उपयोग नव्हता. बावीस वर्षं गावभरच्या जळक्या मोटरी तिथे येत होत्या. त्यांचा वास भिंतीत, छताच्या पत्र्यात आणि मिस्त्रींच्या अंगातल्या शर्टातही मुरला होता.

ते वाकून बाकाखाली बघू लागले. तिथे दुसरं कडं पडलं होतं, तेवढ्याच मापाचं, बाहेरून तसंच हिरवं. मोटर उघडली की आतून दोन वस्तू निघतात. एक मधला फिरणारा दांडा, आणि दुसरं त्याच्याभोवतीचं लोखंडी कडं, ज्याच्या खाचांत तांब्याची तार वेढे देऊन भरलेली असते. सकाळी त्यांनी दोन मोटरी एकदमच उघडल्या होत्या, एक जळालेली आणि एक नुसती आवाज करणारी. बाकाखालच्या कड्यातली तार काळीठिक्कर होती. बाकावरच्या कड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘रोपवाटिकेच्या बाई. आवाज येतो. फक्त बेअरिंग.’ ‘फक्त’खाली रेघही होती. म्हणजे लिहिताना डोकं ठिकाणावर होतं.

चांगल्या मोटरची तार त्यांनी कापली होती. कापलेली तार जोडता येत नाही. सगळी काढून टाकायची, खाचा साफ करायच्या आणि नवी भरायची. धंद्यात सगळ्या चुका होतात, पण ही होत नाही. नवशिका माणूसही ही करत नाही, कारण तो घाबरून आधी चार वेळा विचारतो.

आणि मग त्यांना गाठी दिसल्या.

भरलेल्या तारेचे बाहेर आलेले वळसे सुती दोऱ्याने आवळून बांधतात, नाहीतर ते फिरत्या दांड्याला घासतात. बहुतेक कारागीर दोरा गुंडाळून शेवटी एक गाठ मारतात आणि मोकळे होतात. इथे दर दोन बोटांवर गाठ होती, दुहेरी, आणि प्रत्येक गाठीचं टोक आत वळवून दाबलेलं होतं. अशा गाठी या गावात एकच माणूस मारायचा. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी कधीतरी मिस्त्रींनी स्वतःच ही मोटर भरली होती. तेव्हापासून ती बिनतक्रार पाणी चढवत होती, आणि बेअरिंग बदललं असतं तर पुढेही चढवत राहिली असती. हल्ली मिस्त्री दोऱ्याऐवजी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळत. गाठी मारत बसायला वेळ कुणाला आहे?

त्यांना स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त, त्या गाठी मारणाऱ्या माणसाचा हेवा वाटला. कसा बसला असेल तो एवढा वेळ, एकेक टोक आत दाबत?

थकव्याची अशी काही तारीख नव्हती. वर्षभरापूर्वी कधीतरी ते हातात पाना घेऊन पाना शोधू लागले. मग गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत अंगावर जाऊ लागले. सकाळी शटर उचलताना आत किती मोटरी पडल्यात ते आठवून शटर जड व्हायचं, आणि रविवारी तर जास्तच, कारण रविवारीही दुकान उघडंच असायचं. पूर्वी दुरुस्त झालेली मोटर सुरू केली की ते दोन मिनिटं कान देऊन उभे राहत. त्या सुरेल घूं आवाजासाठीच तर हा धंदा केला होता. आता मोटर फिरली की बटण बंद, पुढची आण. एवढंच.

बायकोने हट्टाने डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला काहीही झालेलं नाही. तुम्ही फार थकलायत. महिनाभर दुकान बंद ठेवा.” मिस्त्रींनी यातलं पहिलं वाक्य तेवढं घरी सांगितलं. पण बायको त्यांना चांगली ओळखून होती. तिने दवाखान्यात फोन करून उरलेली दोन वाक्यं मिळवली. त्यानंतर ती रोज एकदा तरी म्हणायची, “गिऱ्हाइकाला सांगता ना, मोटर सलग चालवू नका, मधे जरा थंड होऊ द्या म्हणून?” पहिल्यांदा ते हसले होते. विसाव्यांदा ताटावरून उठले.

बंद ठेवायचं म्हणजे काय? दुकान काय नळ आहे, पिळला की बंद? एक महिना शटर खाली राहिलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, आणि वळलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. शिवाय गावाचं पाणी अडेल त्याचं काय? असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

आता आधी वेढे मोजायला हवे होते. खाचेत किती वेढे होते ते कापलेल्या जुडग्याची टोकं मोजून कळतं. एखाददुसरा इकडेतिकडे चालतो, पण पाच-सहा चुकले तर मोटर तापते आणि महिन्याभरात खरोखरची जळते. मिस्त्रींनी चष्मा पुसला आणि मोजलं. एकाहत्तर. खात्रीसाठी पुन्हा मोजलं. सहासष्ट. तिसऱ्यांदा अडुसष्ट झाले, पण मधेच फोन वाजला होता, म्हणून तेही धरवेना. चौथ्यांदा चाळीसपर्यंत नीट गेले आणि थोड्या वेळाने पुन्हा चाळीस आलं. मग त्यांनी दहा-दहाच्या जुड्या बाजूला काढल्या, तर बाजूला काढलेल्या जुडीत दहा होत्या की नऊ, हा संशय आला. तिशीत हा माणूस गप्पा मारत, चहा पीत वेढे मोजायचा आणि कधी चुकायचा नाही.

तेवढ्यात रोपवाटिकेच्या बाई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका. निवृत्तीनंतर घरामागच्या जागेत रोपं करून विकत.

“झाली का हो मोटर? आज बारापर्यंत देतो म्हणाला होतात.”

आता एक वाक्य बोललं की सुटका होती. ‘बाई, आतून तार जळतच आली होती, आज ना उद्या गेलीच असती.’ हे वाक्य या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं आणि कुठल्याच गिऱ्हाइकाला ते खोडून काढता येत नाही. मिस्त्रींच्या अगदी ओठावर आलं होतं.

“बाई, तुमची मोटर चांगली होती,” ते म्हणाले. “मी कापली.”

“कापली म्हणजे?”

“दुसरी कापायची होती. तुमची घेतली गेली हातात.”

बाईंनी चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं. मग ओढून घेतलेल्या स्टुलावर त्या टेकल्या. “झोप लागते का तुम्हाला?”

“झोपतो की.”

“झोपता का असं नाही विचारलं. लागते का?”

मिस्त्रींनी छिन्नी उचलून बाकाच्या कडेला ठेवली.

“मी एकदा सबंध वर्ग नापास केला होता,” बाई म्हणाल्या. “गणितात. चाळीस मुलं. समोर उत्तरं ठेवली होती ती वरच्या इयत्तेची, आणि बसलेय आपली धडाधड फुल्या मारत. बरोबर उत्तरांवर! चाळीस पेपर झाले तरी मनात आलं नाही, की अहो, सगळीच कशी चुकतील?”

“मग?”

“मग काय, मुख्याध्यापकांनी बोलावलं आणि म्हणाले, बाई, घरी जा, पंधरा दिवस तोंड दाखवू नका. रडत गेले.” त्या उठल्या. “तुम्हाला घरी कोण पाठवणार? इथे मुख्याध्यापकही तुम्ही आणि शिपाईही तुम्हीच.”

“परवा देतो, बाई. बेअरिंगसकट.”

“परवा नक्की द्या. तीनशे रोपं आहेत. दोन दिवस बादलीने घालीन पाणी. तिसऱ्या दिवशी रोपं तरी जातील नाहीतर माझी कंबर.”

बायको डबा घेऊन आली तेव्हा मिस्त्री तारांच्या सात जुड्या समोर मांडून बसले होते. एक जुडी बारीक होती. काय झालं ते त्यांनी तिला सांगितलं, एका दमात, तिच्याकडे न बघता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता डबा खाली ठेवला.

“मी मोजू?”

“तुला नाही जमायचं.”

“तुम्हाला तरी कुठे जमतंय? बरं, मोजीन मी. भरणार कोण? हात बघा जरा.”

त्यांनी हात बघितला. पाण्याचा पेला धरलेला हात थरथरत होता आणि पाणी काठावर डुचमळत होतं. त्यांनी पेला खाली ठेवला.

“भावजींकडे न्या,” ती म्हणाली.

“त्याच्याकडे? मेलो तरी नाही.”

“तेच चाललंय,” ती म्हणाली, आणि एकदम तिचा आवाज फाटला. “अहो, मला दुकान नको, काही नको. तुम्ही घरी येता तेव्हा नुसता शर्ट येतो हो घरी. तुम्ही नाही येत.”

तिला असं बोलताना त्यांनी फार वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी जुड्या पुन्हा एकत्र बांधल्या आणि कड्यासोबत गोणीत टाकल्या. डबा उघडलाच नाही.

भावजी म्हणजे मिस्त्रींचा धाकटा भाऊ. नऊ वर्षं दोघे याच बाकावर समोरासमोर काम करत होते. धाकट्याने एखादी मोटर भरली की मिस्त्री ती हातात घेत आणि वेढे पुन्हा मोजत. कधी कधी संशय आला म्हणून अख्खी सोडवून स्वतः भरत. नऊ वर्षांत दोनदा चूक सापडली होती, आणि मिस्त्रींच्या लक्षात ती दोनदाच राहिली होती. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी धाकट्याने हातातली तार बाकावर ठेवली. “दादा, तुला भाऊ नकोय,” तो म्हणाला. “तुला तुझेच आणखी दोन हात हवेत.” गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याने दुकान टाकलं. चार माणसं ठेवली, आठवड्याची सुट्टी ठेवली, वर दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. मिस्त्रींनी ते ऐकून म्हटलं होतं, “दुकान आहे की शाळा?”

त्या शाळेसमोर ते स्कूटर लावून उभे राहिले तेव्हा सव्वा वाजला होता आणि शटर खाली होतं.

शटर वाजवायला त्यांनी हात वर केला आणि खाली घेतला. कडं आणि जुडगा असलेली गोणी मांडीशी घेऊन ते पायरीवर बसले. पंचेचाळीस मिनिटं. हातात काम नसताना एवढा वेळ ते शेवटचे कधी बसले होते ते त्यांना आठवेना. थोड्या वेळाने एक लॉन्ड्रीवाला आपला पंप घेऊन आला आणि शेजारी टेकला.

“दोनला उघडतात,” तो म्हणाला. “दोन म्हणजे दोन.”

“तुमचा खोळंबा होत नाही?”

“होतो की. पण माहीत असतं ना, मग आपण दोनलाच यायचं. आज मीच लवकर आलो.”

“मग दुसरीकडे का नाही जात?”

“कुठे? तिकडच्या त्या म्हाताऱ्याकडे?” लॉन्ड्रीवाल्याने हात झटकला. “हात चांगला आहे हो त्याचा. पण काही विचारलं की असा खेकसतो, जसं काही आपण मोटर मुद्दाम जाळून आणलीय.”

मिस्त्री बावन्न वर्षांचे होते. त्यांनी गोणीचं तोंड उगाच आवळून घेतलं.

दोनला शटर वर गेलं. धाकट्याने भावाला पायरीवर बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “दादा? काय झालं? वहिनी बऱ्या आहेत ना?”

“सगळे बरे आहेत. मोटर आणलीय.”

लॉन्ड्रीवाल्याने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं, पंप आत ठेवला आणि चिठ्ठीसुद्धा न घेता निघून गेला.

धाकट्याने कडं बाकावर ठेवलं. गाठींवरून अंगठा फिरवला. “ही तर तुझी भरलेली आहे. अजून चालत होती? मग कापली कुठल्या शहाण्याने?”

“मी.”

धाकटा हसायला लागला होता, तो थांबला. त्याने भावाकडे नीट बघितलं. खाली ओघळलेली गालफडं, चुकीच्या काजात गेलेलं शर्टाचं बटण.

“का रे, दादा?”

“कळलंच नाही. ती जळालेली आहे असं वाटलं. मोजतोय सकाळपासून. दर वेळी वेगळे येतात.” मिस्त्रींना आणखी बोलायचं होतं, पण धाकट्याच्या माणसांसमोर त्यांना रडायचं नव्हतं. ते भिंतीकडे बघत राहिले.

धाकट्याने जुडगा ओढला आणि मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. मोजताना तो मान थोडी डावीकडे झुकवायचा, अजूनही झुकवत होता. कोणी त्याला हाक मारली, तर त्याने नुसतं बोट वर करून थांबवलं.

“अडुसष्ट,” तो म्हणाला. आणि जुडगा भावाकडे सरकवला. “घे. बघ मोजून.”

टोमणा नव्हता त्यात. नऊ वर्षं त्याने असाच प्रत्येक जुडगा पुढे सरकवला होता, हाताला तेच वळण होतं. मिस्त्रींचा हातही पुढे गेला. तारांवर टेकला. समोर धाकटा वाट बघत उभा होता.

“नको,” मिस्त्री म्हणाले.

“अरे, बघ की.”

“नको रे. अडुसष्ट म्हणालास ना? मग अडुसष्ट.”

धाकट्याने जुडगा परत घेतला. तो उगाचच तारांची टोकं बाकावर आपटून सारखी करत राहिला. मग म्हणाला, “परवापर्यंत भरून देतो. गाठी मारू का तशा?”

“तुला येतात?”

“मार खाऊन शिकलोय. विसरेन होय?”

“दुकानात अजून सत्तावीस पडल्यात,” मिस्त्री म्हणाले. “महिनाभर बंद ठेवतोय मी.” तोंडातून निघाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “घेशील का सगळ्या?”

“सत्तावीस नाही घेणार.”

“का?”

“माझी माणसं मरतील. दहा घेतो.”

सहा वर्षांपूर्वी असं उत्तर ऐकून मिस्त्रींनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी नुसतं विचारलं, “नाही म्हणायला कुठे रे शिकलास?”

“तुझ्याकडे बघून,” धाकटा म्हणाला. “चहा घेणार का? बटण नीट लाव आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मिस्त्रींनी शटर उचललं आणि सगळ्यांना फोन केले. धाकट्याच्या दहा बाजूला काढल्या. उरलेल्या ज्याच्या त्याने न्यायच्या होत्या. त्यांनी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या उत्तरं जुळवून ठेवली होती. डॉक्टरांचा कागदही खिशात होता. कोणी आवाज चढवला तर दाखवायला.

लोक आले. “बरं,” म्हणाले. “तब्येतीला जपा,” म्हणाले. एकाने मोटर खांद्यावर टाकता टाकता म्हटलं, “सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी उगाच पुढच्या आठवड्यात खेप घातली असती.” एक जण तर मोटर कुठल्या दुकानात नेऊ असं मिस्त्रींनाच विचारून, पत्ता लिहून घेऊन गेला. साडेदहाला जमीन मोकळी झाली. तिचा रंग लाल होता, हे मिस्त्री विसरून गेले होते. कागद खिशातच राहिला. कोणी भांडलं नाही, एकसुद्धा. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण ते त्यांना लागलंही.

अकराला ते घरी पोहोचले. एवढ्या वर्षांत या वेळचं घर त्यांनी पाहिलं नव्हतं. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा थेट खुर्चीपर्यंत आला होता. शेजारच्या घरात कोणीतरी रेडिओ लावला होता. बायकोची सकाळची कामं एका लयीत चालली होती आणि त्या लयीत ते कुठेच बसत नव्हते. स्वयंपाकघरात गेले तर ती म्हणाली, सरका. दारात उभे राहिले तर म्हणाली, उजेड अडतोय. शेवटी ते खुर्चीत बसले.

ती ओलं फडकं घेऊन आली. “पाय वर घ्या. फरशी पुसायचीय.”

त्यांनी पाय वर घेतले. ती खुर्चीखालून, भिंतीकडेने पुसत पुसत मागच्या दाराकडे गेली, आणि तिथूनच फडकं पिळायला अंगणात निघून गेली. फरशी हळूहळू वाळली. मिस्त्री पाय वर घेऊन तसेच बसून होते, आता खाली ठेवा असं कोणीतरी सांगायची वाट बघत.